मी त्या नालायकाच्या बाजूने का बसले?

पत्र :

ताई,

माझं वय 54, राहणार मिरज. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांनी ‘महिन्याला तीन टक्के’ सांगून आमचे पावणेचार लाख रुपये नेले. सात महिने व्याज वेळेवर आलं, मग त्यांनी फोन उचलणं बंद केलं. माणूस अतिशय गोड बोलणारा. मला वहिनी म्हणायचा. ह्यांच्या बायपासच्या वेळी रोज दवाखान्यात डबा घेऊन यायचा. आम्ही कुठे तक्रार केली नाही. एवढी शिकली-सवरलेली बाई आणि अशी कशी फसली, असं लोक म्हणतील ना!

गेल्या महिन्यात मुलगी आली होती. तिने ‘नाइटक्रॉलर’ नावाचा इंग्रजी सिनेमा लावला. त्यातला तो लू ब्लूम थेट आमच्या ह्या माणसासारखा बोलतो. बघून अंगावर काटा आला. पण शेवटी पोलीस ठाण्यात ती बाई त्याला प्रश्न विचारते ना, तेव्हा मी मनात म्हणत होते, ‘नीट उत्तर दे रे, अडकू नकोस.’ ते बहुधा तोंडातूनही निघालं असावं. मुलगी म्हणाली, ‘आई, तू कुणाच्या बाजूने आहेस?’ मला उत्तर देता आलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ज्याने लुबाडलं त्याच्याच जातकुळीच्या माणसासाठी मी जीव मुठीत धरून बसले. माझ्यात काही खोट आहे का? असले सिनेमे बघणं बंद करू का?

ता. क. : परवा तो माणूस मंडईत दिसला. माझ्याकडे बघून हसला. आणि मीसुद्धा हसले. ह्याचं काय करायचं तेही सांगा.

– नाव छापू नका

उत्तर :

तुम्हाला वहिनी म्हणणार नाही, तो शब्द त्या गृहस्थांनी नासवून ठेवलाय. नुसतं ‘तुम्ही’ म्हणते.

तुमचं पत्र वाचून मी तो सिनेमा परत लावला. आधी एकदा पाहिला होता, पण पावणेचार लाख गेलेल्या बाईच्या नजरेने पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॅन गिलरॉय यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच सिनेमा, 2014 चा. लॉस एंजेलिस शहर, बहुतेक सगळं रात्री घडतं. लू ब्लूम (जेक जिलेनहाल) हा तारेची कुंपणं कापून भंगारात विकणारा भुरटा चोर. पुढे तो अपघात आणि खुनांची दृश्यं कॅमेऱ्यात टिपून एका वृत्तवाहिनीला विकायला लागतो. चांगली दृश्यं मिळावीत म्हणून काय वाटेल ते करतो, आणि ‘काय वाटेल ते’ हे शब्दशः घ्यायचं.

तुम्हाला वाटतं की तुम्ही पोलीस ठाण्याच्या प्रसंगात त्याच्या बाजूला गेलात. मला वाटतं, तुम्ही त्याच्या फार आधी गेला होतात. आठवा. सिनेमा सुरू होतो आणि लू एका सुरक्षारक्षकावर झडप घालतो. लगेच नंतर त्या रक्षकाचं घड्याळ लूच्या मनगटावर दिसतं. म्हणजे दिग्दर्शकाने काही लपवलेलं नाही, माल असा असा आहे, घ्यायचा तर घ्या. त्यानंतर लू चोरलेलं लोखंड विकतो आणि त्याच विकत घेणाऱ्याकडे नोकरी मागतो. घोकून पाठ केलेलं भाषण देतो, की मी कष्टाळू आहे, मोठं ध्येय ठेवतो, चिकाटी आहे माझ्यात. समोरचा ऐकून घेतो आणि सांगतो, चोराला मी कामावर ठेवत नाही.

तुम्ही तिथे गेलात. मीही तिथेच गेले. कीव आली म्हणून नव्हे, लू कीव यावी असा नाहीच. पण त्याला काहीतरी हवं आहे आणि तोंडावर ‘नाही’ मिळालंय. एवढं कळलं की माणूस गोष्टीच्या दोरीला बांधला जातो. पुढे काय करतो हा? ‘हा चांगला आहे का’ हा प्रश्न त्या क्षणी मागे पडतो. नायक आवडला पाहिजे अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. त्यासाठी लेखक मंडळी गुंडाला आजारी आई देतात, लहानपणी बापाचा मार देतात, एखादं कुत्रं सांभाळायला देतात. गिलरॉय ह्यातलं काहीही देत नाहीत. लूचं बालपण नाही, गाव नाही, नातलग नाहीत. घरी तो एका झाडाला पाणी घालतो, शर्टाला इस्त्री करतो, एकटाच टीव्हीपुढे बसून हसतो. बस, एवढंच. मला तर वाटतं, रडवणारं बालपण दिलं असतं तर तुम्ही सुटला असतात. ‘बिचारा’ म्हणून मोकळं व्हायची वाट मिळाली असती.

पुढे काय होतं? लू महामार्गावर एका जळत्या गाडीपाशी कॅमेरेवाले बघतो. सायकल चोरतो, ती देऊन एक साधा कॅमेरा आणि पोलिसांचे संदेश ऐकायचं यंत्र मिळवतो. पहिल्याच चित्रफितीचे त्याला अडीचशे डॉलर मिळतात. मग तो शिकायला लागतो. पोलिसांचे सांकेतिक आकडे पाठ करतो, कुठल्या रस्त्याने लवकर पोचता येतं ते बघतो, हाताखाली माणूस घेतो, जुनी गाडी टाकून लाल चकचकीत गाडी आणतो. अहो, रस्त्यात जेसीबी खड्डा खणत असला तरी आपल्याकडे पन्नास माणसं थांबून बघतात. त्यातल्या एकालाही तो खड्डा नको असतो. काम वाढत जाताना, हात बसत जाताना बघण्याची माणसाला मूळचीच हाव आहे. ही हाव नीती-अनीती विचारत नाही. लू प्रामाणिकपणे इडल्यांचा धंदा वाढवत असता तरी तुम्ही इतक्याच रंगून बघितलं असतं.

पोलीस ठाण्यातल्या त्या प्रसंगाचं म्हणाल, तर त्याचं उत्तर रहस्यपटांचे दिग्दर्शक हिचकॉकसाहेब यांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे. 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्र्युफो यांनी त्यांची लांबलचक मुलाखत घेतली, नंतर तिचं पुस्तक झालं. त्यात ते म्हणतात ते माझ्या शब्दांत सांगते. एक माणूस दुसऱ्याच्या खोलीत शिरून कपाटाचे खण उचकतोय. तेवढ्यात दाखवा की खोलीचा मालक जिना चढून येतोय. प्रेक्षकाला त्या उचकणाऱ्याला ओरडून सांगावंसं वाटतं, ‘अरे आटप, तो आला!’ उचकणारा माणूस आवडण्यासारखा नसला तरीही. आणि नुसतं सांगून ते थांबले नाहीत, दोन वर्षं आधी आलेल्या ‘सायको’त हे करून दाखवलं होतं. खून झालेल्या बाईची गाडी मोटेल चालवणारा नॉर्मन दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मधेच थांबते. थिएटरातली सगळी माणसं श्वास रोखतात, कारण गाडी बुडावी असं त्यांना वाटत असतं! त्याच बाईबरोबर पाऊण तास घालवलेली, तिच्यासाठी हळहळलेली माणसं ती! आता त्या सगळ्यांमध्ये खोट होती म्हणायचं का?

नसते उपद्व्याप करणाऱ्याची धडधड आपल्याला लागते, कारण त्या क्षणी धोका काय आहे हे तो आणि आपण असे दोघंच जाणत असतो. ‘नाइटक्रॉलर’ हे पहिल्यापासून शेवटपर्यंत करतो. कॅमेरा लूला जवळजवळ सोडतच नाही. तुम्ही त्याच्याच गाडीत बसलेल्या असता, तो ऐकतो ते ऐकता, त्याला दिसतं ते बघता. एका घरात खून करून पळणाऱ्या माणसांच्या गाडीचा नंबर लूने टिपला होता आणि पोलिसांना दिलेल्या चित्रफितीतून तो भाग कापला होता, हे त्या पोलीस बाईला फक्त संशयाने माहीत आहे. तुम्हाला पक्कं माहीत आहे. त्यामुळे ती प्रश्न विचारते तेव्हा तो त्याला नसतो, तुम्हा दोघांना असतो. गुपित सांभाळणारं माणूस आपोआप त्या गुपिताच्या बाजूचं होतं. शाळेत बाकावर शेजारच्या मुलीने चिठ्ठी लपवली की आपल्याही तळहाताला घाम यायचा, तसलंच हे.

आणखी एक चलाखी तुमच्या लक्षात आली का? संगीत. एका अपघातात पोलिसांच्या आधी पोचलेला लू पडलेल्या माणसाला ओढून दिव्याच्या उजेडात आणतो, का, तर चौकट चांगली दिसावी. अंगावर शिसारी यावी असा प्रकार. आणि पार्श्वसंगीत कसलं? जिंकल्यासारखं, उभारी देणारं! जेम्स न्यूटन हॉवर्ड यांनी ते लूच्या डोक्यात वाजत असावं तसं रचलंय. डोळे म्हणतात ‘छी’ आणि कान म्हणतात ‘वा’. तुम्ही रात्रभर तळमळलात त्यात ह्या कानांचाही हात आहे.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर घरचं उदाहरण देते. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 साली रंगभूमीवर आलं, एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून सुचलेलं. लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. वेगवेगळी नावं घेऊन बायकांशी लग्नं करतो, त्यांना लुटतो आणि कोर्टात शांतपणे म्हणतो, तो मी नव्हेच. त्याहून नालायक नायक मराठी नाटकात शोधून सापडायचा नाही. आणि प्रभाकर पणशीकरांच्या त्या लखोबाला बघायला लोकांनी वर्षानुवर्षं रांगा लावल्या. माझी एक मावशी होती. तिच्या धाकट्या बहिणीला नवऱ्याने असंच अर्ध्यावर टाकलं होतं, दागिन्यांसकट. ही मावशी लखोबाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. येताना टांग्यात म्हणाली, ‘मेला मरत का नाही! पण बोलतो काय, बोलतो काय!’ मी लहान होते, मला ते फार विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही. फिरत्या रंगमंचावर एकामागून एक प्रसंग येत, आणि पगडी असो की लष्करी टोपी, आत तोच नट आहे हे प्रेक्षकाला दिसत असे. रंगमंचावरच्या बाईला ते दिसत नसे. मावशीची बहीण रंगमंचावरची बाई होती. मावशी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच प्रेक्षकात बसली होती.

तुमच्याबाबतीत हेच झालं असं मला वाटतं. तो माणूस डबा घेऊन यायचा तेव्हा तुम्हाला फक्त डबा दिसत होता. त्याच्या डोक्यात काय चाललंय, फोन ठेवल्यावर तो काय हिशेब करतो, तुमच्याकडून निघून तो पुढे कुणाच्या घरी जातो, ह्यातलं काही तुम्हाला दिसायची सोय नव्हती. सिनेमाने तुम्हाला उचलून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. इतके दिवस जो प्रश्न तुम्ही उशीशी घेऊन झोपताय, ‘हे लोक करतात तरी कसं?’, त्याचं उत्तर तुम्हाला पहिल्यांदा आतून दिसत होतं. तुम्ही डोळे विस्फारून बघणारच. लू पकडला गेला असता तर ते दाखवणं तिथेच थांबलं असतं. त्याच्या सुटकेत तुमचा जीव अडकला होता त्यात हेही थोडं असावं.

आता त्या जागेवरून तुम्हाला काय दिसलं ते आठवा. नीना. वृत्तवाहिनीतली मुरलेली बाई, आयुष्य बातम्यांत गेलेलं. कुठल्या बातमीला प्रेक्षक थांबतो हे तिला तोंडपाठ आहे, आणि तिनेच ते लूला शिकवलं. अशा बाईला लू जेवायला नेतो आणि तिच्याबद्दलची सगळी माहिती तिच्यासमोर मांडतो. तिच्या वाहिनीची घसरण, तिच्या नोकरीचा करार, तो संपत आल्याची तिची भीती. ह्याने सगळं आधी अभ्यासून ठेवलंय. मग सौदा करतो, आणि त्या सौद्यात तिची अब्रूही धरतो. नीना बावळट आहे का? मुळीच नाही. तिची एक गरज होती आणि समोरच्याने ती तिच्याआधी वाचली. तुमच्या घरी बायपास होती. दवाखान्यात सकाळी डबा कोण आणणार, ही तुमची गरज कुणीतरी वाचली. त्या डब्यात थोडी माया असेलही, मी कशाला नाही म्हणू? पण ‘एवढी शिकलेली बाई कशी फसली’ हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातोय.

आणि रिक. त्याच्याबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाही, माझं तिकडे लगेच लक्ष गेलं. रात्रीचे तीस डॉलर मिळतात म्हणून लूच्या शेजारी बसून रस्ते सांगणारा, राहायला धड घर नसलेला पोरगा. लू त्याला कामाचं मूल्यमापन, बढती, प्रगती असले शब्द ऐकवतो आणि पैसे देताना हात आखडतो. शेवटी रिक आपला वाटा मागतो, थोडा चढ्या आवाजातच मागतो, तेव्हा लू त्याला त्याच खुन्यांच्या उलटलेल्या गाडीकडे पाठवतो. आतला माणूस मेलाय, जवळून घे, म्हणतो. माणूस मेलेला नसतो. रिकला गोळ्या लागतात, आणि लू मरणाऱ्या रिकवर कॅमेरा रोखतो. रिकचं घर, त्याची माणसं, त्याचं मागचं आयुष्य सिनेमा आपल्याला दाखवत नाही. दाखवलं असतं तर आपण लूच्या गाडीतून खाली उतरलो असतो, हे दिग्दर्शकाला नीट ठाऊक आहे. लूची भाषणं प्रेरणादायी म्हणून मोबाइलवर फिरवणारी काही पोरं आहेत, ती बहुधा रिकचा भाग सोडून देत असावीत. तुमची मुलगी त्यातली नाही. तिने विचारलेला प्रश्न चांगला होता. तिला सांगा, ‘दोन तास लूच्या गाडीत होते, पण उतरले ती रिकच्या जागी. म्हणून झोप नाही लागली.’

तुमच्यासारखी भीती फार मोठ्या लोकांनाही वाटलेली आहे बरं. हॉलिवूडने 1930 मध्ये स्वतःसाठी एक नियमावली केली आणि 1934 पासून ती कडकपणे लावली. प्रेक्षकाची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला वळता कामा नये असं त्यात स्पष्ट होतं. 1968 पर्यंत ते चाललं. त्यामुळे त्या काळातल्या सिनेमांत गुन्हेगार शेवटी मरतो तरी, नाहीतर बेड्या घालून जातो. प्रेक्षक तासभर त्याच्या बाजूने धडधडतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत हात धुऊन घरी जातो. लूला बेड्या पडत नाहीत. त्याच्या आता दोन गाड्या आहेत, नवी शिकाऊ पोरं रांगेत उभी आहेत आणि तो त्यांना भाषण देतोय. न्यायाधीशाचं काम सिनेमाने केलं नाही, ते तुमच्या अंगावर टाकलं. ते तुम्ही रात्री तीन वाजता अंथरुणात करत होतात. खोट असलेली माणसं असले सिनेमे बघून गाढ झोपतात.

तेव्हा बंद वगैरे काही करू नका. वाटलं तर हाच पुन्हा बघा, फक्त या वेळी लू बोलत असताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. नको वाटलं तर नका बघू, सिनेमाच तो.

खरी काळजी मला दुसऱ्या गोष्टीची आहे. पत्रात चार ओळी सिनेमाच्या लाजेबद्दल आहेत आणि तक्रारीबद्दल एकच, तीही लोक काय म्हणतील एवढ्यापुरती. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस, कुठलीही बँक हे देत नाही. पावणेचार लाखांवर महिन्याचे 11,250 होतात, सात महिन्यांचे 78,750. हे ‘व्याज’ बहुधा तुमच्याच पैशातलं होतं, किंवा तुमच्यानंतर आलेल्या एखाद्या वहिनीच्या. तुमच्यासारख्या आणखी चार-पाच घरी तो जात असणार, हळूच चौकशी करा. एकट्याने लाज वाटते, पाच जणींनी मिळून वाटत नाही. पैसे बँकेतून दिले असतील तर खातेउतारा काढा, सात महिने जमा झालेल्या रकमांच्या नोंदींवर खूण करा, त्याचे फोनवरचे संदेश पुसू नका, छापून घ्या. मग वकील गाठा आणि जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात 1999 चा कायदा आहे, लोक त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली ठेवी बुडवणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते. तुमचं प्रकरण त्यात बसतं की साध्या फसवणुकीच्या गुन्ह्यात, हे वकील कागद बघून सांगेल. पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. पण दोन वर्षं गेलीत, आणखी घालवू नका.

राहिला ता. क. तो हसला आणि तुम्ही हसलात. अहो, ओळखीचा चेहरा दिसला की हसायचं, ही आपल्याला वर्षानुवर्षं लागलेली सवय आहे. तिचा तुमच्या मनाशी काही संबंध नाही, हनुवटीशी आहे. ती सवय आहे म्हणूनच त्याचा धंदा चालतो. पुन्हा मंडईत भेटेल, तेव्हा हसू आलं तर येऊ द्या. हसत हसतच विचारा, पण भाजीवालीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात : ‘काय हो, माझे पावणेचार लाख कधी देताय?’ तो काहीतरी गोड बोलेल. घरी आल्या आल्या ते तारीख-वेळ घालून वहीत उतरवून ठेवा आणि भाजीवालीचं नावही लिहा. वकिलाला लागेल.